दारावरचा शब्द

आमच्या गावात त्या कंपनीला सगळे 'चौकडी' म्हणत. वीज, गॅस, घरचा फोन आणि इंटरनेट, चारही एकाच ठिकाणाहून, आणि महिन्याला बिल एकच. कंपनीचं खरं नाव लांबलचक होतं, ते फक्त बिलावर दिसे. तिची जाहिरात टीव्हीवर कधी लागली नाही. ती पसरली चहाच्या टेबलांवरून. कुणाची तरी मावशी, कुणाची तरी चॅपलमधली मैत्रीण सहज म्हणून घरी येई, केक खाई, गुडघेदुखीची चौकशी करी आणि उठताना त्या घराच्या चारही तारा एका मोळीत बांधून जाई.

आमच्याकडे हे काम बेरिल करायची. कंपनीने तिला एक पिवळं जाकीट दिलं होतं, खिशावर कंपनीचं चिन्ह. ते घालून ती दुकानात दूध आणायलाही जायची. लोक चिडवायचे, "बेरिल, झोपताना तरी काढतेस का गं ते?" ती म्हणायची, "काढते की. मग नवऱ्याला घालते."

एलिनेडबाईंनी चौकडी घेतली ती बेरिलच्या शब्दावर. बाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतल्या बाई. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली. आता निवृत्त, विधवा, आणि राहायला सगळ्यात वरच्या ओळीतल्या शेवटच्या घरात. ती ओळ खाणकामगारांसाठी बांधलेली. सहा घरं, भिंतीला भिंत, मागे छपरावर घालायच्या दगडी पाट्यांच्या फुटक्या तुकड्यांचा डोंगर. बाकीची पाच घरं शहरातल्या लोकांनी उन्हाळ्यासाठी घेतलेली. हिवाळ्यात त्यांच्या दारांशी चाव्या ठेवायच्या छोट्या पेट्या तेवढ्या लटकत असायच्या. दिवा लागायचा तो एका बाईंच्या घरात.

त्या सप्टेंबरात बाईंची मुलगी फियोन दोन बॅगा आणि सहा वर्षांची माब्ली घेऊन माहेरी आली. नवरा, मायरिग, शेजारच्या खोऱ्यातला. त्याच्याबद्दल गावाने फार विचारलं नाही, कारण गावाला माहीत होतं. मागे एकदा त्याने माब्लीला शाळेच्या फाटकातून उचलून नेलं होतं. पोलिसांना ती सापडली तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त तिचं बोलणं बंद झालं होतं. कोर्टाने त्याला पोरीच्या आसपास फिरकायची बंदी केली. पण कोर्टाची बंदी म्हणजे कागद. मायरिग एकाला म्हणाला होता, "पुढच्या वेळी सापडणार नाही आम्ही."

माब्ली आजीकडे आली तेव्हा मानेनेच हो-नाही करायची. बाईंनी घाई केली नाही. रोज सकाळी तिच्यासमोर एकेक वस्तू ठेवायच्या. चमचा. मोजा. बटाटा. त्या वस्तूचं नाव आपण म्हणायचं आणि गप्प बसायचं. एका सकाळी माब्ली स्वतःहून म्हणाली, "बटाटा." बाईंनी तो बटाटा उकडला नाही. खिडकीत ठेवून दिला, त्याला कोंब फुटेपर्यंत.

आता दारावरच्या शब्दाबद्दल सांगतो. म्हाताऱ्या माणसांना कंपनी एक सोय देते. मीटर बघायला, काही दुरुस्त करायला कुणी आलं तर त्याने आधी तुमचा ठरलेला शब्द सांगायचा. शब्द सांगितला तर तो कंपनीचा माणूस, नाही सांगितला तर दार लावून घ्यायचं. बेरिलने बाईंच्याच स्वयंपाकघरात बसून कंपनीला फोन लावला आणि फोन बाईंच्या हातात दिला.

"कोणता शब्द ठेवायचा, मॅडम?" पलीकडची मुलगी इंग्रजीत विचारत होती.

बाईंनी टेबलावर पाहिलं. समोर दुधाचा जग होता. "ल्हेव्रिथ," त्या म्हणाल्या. आमच्या वेल्श भाषेत, उत्तरेकडे, दुधाला हेच म्हणतात.

"लेफ्रिथ?"

"नाही बाळ. जीभ 'ल'साठी लावतेस तशीच टाळूला लाव. आता आवाज काढायचा नाही, जिभेच्या बाजूंनी नुसती हवा सोडायची. मांजर फिस्कारतं ना, तसं. आणि मधे 'फ' नाही, 'व'."

"लेफ्रिथ," मुलगी म्हणाली.

बेरिल टेबलावर डोकं टेकून हसत होती. बाईंनी आणखी एकदा शिकवून पाहिलं, मग अक्षरं सांगितली आणि शब्द नोंदवला. नंतर गॅसचं मीटर बघायला आलेला माणूस दारात म्हणाला, "लेफ्रिथ." इंटरनेटचा डबा बसवणारा म्हणाला, "लिफ्रिट." दोघांनाही बाईंनी हसत आत घेतलं, चहा दिला, आणि जाण्यापूर्वी जीभ कुठे लावायची ते शिकवलं. एकालाही जमलं नाही.

नोव्हेंबरातली गोष्ट. त्या दिवशी दुपारपासून इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा होता. हल्ली घरचा फोनही त्याच डब्यातून चालतो, त्यामुळे तोही मुका. आणि डोंगराच्या आडोशामुळे मोबाइल त्या घरात चालतो तो फक्त त्या डब्याच्या जोरावर. एक गेलं की सगळं गेलं. बाईंना त्याचं विशेष वाटलं नाही, वारा सुटला की असं व्हायचंच. फियोन बँगोरच्या इस्पितळात कामाला होती, संध्याकाळच्या बसने येणार होती. गॅसवर मटण-बटाट्याचं दाट कालवण रटरटत होतं. माब्ली टेबलाशी बसून वाळलेली पानं कागदावर चिकटवत होती.

अंधारून यायला लागलं होतं तेव्हा दार वाजलं.

बाईंनी साखळी तशीच ठेवून दार चारेक बोटं उघडलं. बाहेर पिवळं जाकीट, खिशावर कंपनीचं चिन्ह, डोक्यावर खाली ओढलेली टोपी. माणूस दाराच्या जरा बाजूला उभा होता, त्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं.

"तुमच्या लाइनमध्ये बिघाड आहे, मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला. "कंपनीकडून आलोय. आत येऊन डबा बघावा लागेल."

"अगंबाई, मी तर कळवलंही नव्हतं."

"आम्हाला तिकडे आपोआप दिसतं."

"बरंय हो तुमचं. शब्द सांगा, म्हणजे झालं."

"ल्हेव्रिथ," तो म्हणाला.

बाईंचा हात साखळीकडे गेला. शब्द इतका स्वच्छ आला होता की त्यांना आनंदच झाला. बोटं साखळीच्या टोकाला लागली आणि तिथेच थांबली. कशामुळे थांबली हे त्यांना लगेच कळलं नाही.

"अगदी बरोबर म्हणालात," त्या म्हणाल्या. "वेल्श येतं का तुम्हाला?"

"छे, छे. मी सीमेपलीकडचा, चेस्टरचा. एक अक्षर येत नाही. मशीनवर लिहिलं होतं ते वाचलं."

चेस्टरचा माणूस, आणि ल्हेव्रिथ. बाईंनी आयुष्यभर कोवळ्या जिभांना हा आवाज शिकवला होता. वाचून तो येत नाही. आईच्या मांडीवर येतो, नाहीतर खूप मेहनतीने येतो. पण त्यांनी मनाला समजावलं: कुणी सांगावं, असेल एखादा हुशार. उगाच कुणावर संशय नको.

म्हणून त्यांनी एक करून पाहिलं. आवाज न चढवता, हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात, त्या वेल्शमध्ये म्हणाल्या, "जरा डोक्यावर बघा हं, छपराची पाटी सुटलीय, पडेल अंगावर."

माणूस झटकन मागे सरकला आणि वर पाहिलं.

छपराची पाटी जागच्या जागी होती. टोपी मात्र मागे सरली आणि दिव्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला. तो गेथिन होता. बेरिलचा मुलगा. अंगातलं जाकीट त्याच्या आईचं होतं, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहिल्या होत्या.

मग बाईंनी दार लावलं आणि वरची कडी घातली, खालची घातली.

चोर असता तर भीती एका जातीची असती. चोराला काय हवं असतं ते माहीत असतं. पण बेरिलच्या गेथिनला बाईंच्या दारात आईचं जाकीट घालून, बाईंशी इंग्रजीत बोलायची काय गरज पडली? आमच्या गावात एकमेकांशी इंग्रजीत कोणी बोलत नाही. परक्यासमोर बोलतात, नाहीतर मृत्युपत्र वाचणाऱ्या वकिलासमोर.

बाहेर पावलं वाजली नाहीत. तो गेला नव्हता. बऱ्याच वेळाने दाराच्या अगदी जवळून आवाज आला, आणि आता तो वेल्शमध्ये होता, हळू आणि घरचा.

"बाई. उघडा ना दार."

भिंतीला हात टेकून बाई मागे वळल्या. माब्ली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. बोटाला एक पान चिकटलेलं.

"गेथिनकाका," ती कुजबुजली. "गेथिनकाका बाबाबरोबर असतो. गाडीत."

आता बाईंना सगळं कळलं. लाल दिवा वाऱ्यामुळे लागला नव्हता.

त्यांनी माब्लीचा हात धरला आणि जिन्याखालच्या कपाटाचं दार उघडलं. आत झाडू, जुने कोट, ख्रिसमसच्या सजावटीचं खोकं. "आत बस. कोट अंगावर घे. कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाबाने मारली तरी नाही. अगदी आजीने मारली तरी नाही."

"मग कधी बाहेर येऊ?"

"मी दार उघडेन तेव्हा. हाक मारणार नाही, नुसतं दार उघडेन."

माब्लीने मानेने हो म्हटलं. तिचं ते मान हलवणं बाईंना सुरीसारखं लागलं. त्यांनी कपाट लावलं आणि तेवढ्यात दिवे गेले.

बॉयलरची घरघर थांबली. फ्रिज थरथरला आणि गप्प झाला. विजेच्या मीटरची पेटी मागच्या भिंतीला बाहेरून आहे, सगळ्याच घरांची असते. ती उघडायला काही लागत नाही. घरात आता उजेड उरला तो कालवणाखालच्या निळ्या ज्योतीचा.

"माब्ली!" मागच्या दारातून हाक आली. गोड, लाडाची. "माब्ली बाळा, बघ कोण आलंय! बाबा आलाय!"

कपाटातून काही ऐकू आलं नाही. काहीच ऐकू न येणं बाईंना जास्त भयंकर वाटलं.

"एलिनेड, उघड. मी शांतपणे सांगतोय. मला पोरगी बघायचीय, एवढंच."

शेजारी पाच रिकामी घरं. खाली गावापर्यंत ओरडणं पोचेल, असा वारा नव्हता. बाई मागच्या दाराशी गेल्या नाहीत. त्या पुढच्या दाराकडे आल्या आणि मोठ्या कष्टाने गुडघ्यांवर बसल्या. आमच्याकडे दारातच पत्रं टाकायची फट असते. बाईंनी तिची पितळी झडप आत उचलली. पलीकडे पिवळं जाकीट दिसत होतं.

"गेथिन. खाली बस. मला मान वर करता येत नाही."

जाकीट खाली आलं. फटीत त्याचं तोंड दिसलं, घामाने भिजलेलं.

"शब्द तुला कुणी सांगितला?"

"आईने. म्हणजे तसा नाही सांगितला. जेवताना हसत होती, म्हणाली, बाईंनी शब्द काय ठेवला तर दूध! तिला काही ठाऊक नाही, बाई. देवाशपथ."

"मायरिगला तू सांगितलास?"

"हो."

"आणि तो काय म्हणाला?"

"म्हणाला, नुसतं पाच मिनिटं बघायचंय. तुमच्याशी भांडण नको, म्हणून असं करू. बाप आहे हो तिचा."

"गाडीत तिच्यासाठी काय काय आहे?"

गेथिनने मान फिरवली.

"विचारतेय मी."

"बॅग आहे एक. तिचे कपडे. नवे आहेत, लेबलं तशीच." त्याने घाम पुसला. "आणि बोटीची तिकिटं आहेत. आयर्लंडची. मला आत्ता गाडीत बसल्यावर दिसली, बाई. आधी माहीत असतं तर…"

"तर काय केलं असतंस?"

त्याची नजर बाईंच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच अडकली. बाईंनी वळून पाहिलं नाही. मागे स्वयंपाकघराच्या दाराशी माब्लीचे लाल रबरी बूट ठेवलेले होते, सकाळच्या चिखलाने माखलेले. एवढ्या अंधारातही लाल दिसत होते.

मागे काच फुटली.

छोटासा आवाज होता. मग खळ्ळकन तुकडे फरशीवर पडले. मागच्या दाराची वरची काच. बाईंनी फटीवरचं तोंड हलवलं नाही.

"गेथिन. आज तू माझ्याशी खोटं बोललास, आणि चांगलं बोललास. दार उघडणारच होते मी. आता एक खोटं त्याच्याशी बोल."

"तो मला मारेल."

"मारेल, कदाचित."

फटीतलं तोंड नाहीसं झालं. पावलं घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तो काय बोलणार हे बाईंना माहीत नव्हतं. बूट पाहिलेत म्हणून सांगायलाही जात असेल. मित्र होता तो मायरिगचा, लहानपणापासूनचा.

बाई भिंत धरून उठल्या आणि स्वयंपाकघरात आल्या. फुटक्या काचेतून एक हात आत आला होता, कोपरापर्यंत, आणि दाराची कड चाचपत होता. त्या जुन्या दारांची कडी अगदी खाली, पायाशी असते. हाताला ती सापडत नव्हती, पण सापडायला वेळ लागणार नव्हता. बाईंनी फडकी घेऊन कालवणाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं. फार जड होतं. वाफ तोंडावर येत होती. पोटच्या पोरीच्या नवऱ्यावर आपण हे ओतू का, असं त्यांनी स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, हो.

"नाहीये रे ती!" बाहेर गेथिनचा आवाज. "मायरिग, सोड. पोरगी नाहीये घरात."

"नाहीये कशी? सकाळी अंगणात होती. मी बघितलीय."

"सकाळी होती. दुपारच्या बसने पाठवली कुणाबरोबर तरी. कार्डिफला, फियोनच्या कुठल्यातरी मैत्रिणीकडे. लाइन बंद पडली तेव्हाच म्हातारीला संशय आला होता. आता बोलली माझ्याशी, रडतेय तिकडे."

आत आलेला हात थांबला. काचेतून मायरिगचा चेहरा आत डोकावला. निळ्या ज्योतीच्या उजेडात त्याला पातेलं धरून उभ्या असलेल्या बाई दिसल्या.

"खरंय का हे?"

बाईंनी आयुष्यात मुलांना एकच गोष्ट हजार वेळा सांगितली होती, खोटं बोलायचं नाही, आणि आता ती मोडायची होती. नुसतं 'हो' म्हटलं तर त्याला पटणार नाही, हे त्यांना दिसत होतं. त्या मायरिगशी बोलल्याच नाहीत. त्याच्या मागे, अंधाराकडे बघून त्या कळवळून ओरडल्या:

"गेथिन! तुला म्हटलं होतं ना, त्याला सांगू नकोस! हात जोडले होते मी तुझ्यापुढे!"

मग पातेलं ओट्यावर आपटलं आणि फडक्यात तोंड लपवलं. रडायचं सोंग त्यांना करावं लागलं नाही.

मायरिग शिवी हासडून मागे झाला. बाहेर काहीतरी धपकन पडलं, कुणीतरी विव्हळलं. "कार्डिफमध्ये कुठे? बोल! कुठे?" आणि गेथिनचा आवाज, तोंडात रक्त भरल्यासारखा: "नाही माहीत. आईशपथ नाही माहीत." मग पावलं, गाडीचं दार, इंजिन. दिवे खालच्या वळणावर गेले, पुलावर दिसले आणि दक्षिणेच्या, कार्डिफच्या रस्त्याला लागले.

तो एकटाच गेला की गेथिनला घेऊन, हे बाईंना दिसलं नाही. त्या अंगणात गेल्या नाहीत. त्या जिन्याखालच्या कपाटापाशी आल्या आणि ठरल्याप्रमाणे हाक न मारता दार उघडलं. माब्ली कोटांच्या खाली बसली होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून. कपडे ओले झाले होते. बाईंनी तिचे हात ओढले नाहीत. त्या वाकून, अडखळत त्या कपाटात शिरल्या, झाडूच्या बाजूला बसल्या आणि आतून दार ओढून घेतलं. फियोन बसमधून उतरून चढण चढून आली आणि तिला अंधारं घर, फुटकी काच आणि ओट्यावर सांडलेलं कालवण दिसलं तेव्हा त्या दोघी तिथेच होत्या. तोवर वारा पडला होता; फियोनची किंकाळी खाली चॅपलपर्यंत ऐकू आली, आणि त्यानंतर माणसं वर धावली.

पोलिसांनी मायरिगला शोधलं, पण त्या रात्री तो सापडला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. पिवळं जाकीट घराच्या मागे, पाट्यांच्या ढिगाऱ्याशी मिळालं, बाहीला रक्त होतं. गेथिनने चौकीवर जाऊन सगळं सांगितलं, मग तो मामाकडे निघून गेला.

फियोनसाठी दोन बाया गाडी घेऊन आल्या. अशा आईमुलांना लपवून ठेवणारी घरं असतात, तिथल्या. त्या शांत होत्या, घाईत नव्हत्या, आणि त्यांनी आपली आडनावं सांगितली नाहीत. फियोन बॅग बंद करत म्हणाली, "आई, पत्ता तुला एकटीला सांगून ठेवते. कुणाला म्हणजे कुणाला…"

"नको," बाई म्हणाल्या.

"अगं, पण तुला नको कळायला?"

"मला कळलं की मी सांगेन. आज नाही सांगणार, पण कधीतरी कुणीतरी प्रेमाने विचारेल, दुकानात, चॅपलमध्ये, आणि माझ्या तोंडून निघून जाईल. बेरिलने काही वाईट हेतूने सांगितलं होतं का? मी स्वतः तो शब्द किती जणांना सांगून हसवलंय, मोजलेलं नाही. इथे आपण सगळेच सांगतो, फियोन. गाव चालतं त्यावर."

माब्ली गाडीत बसली. ती काही बोलली नाही. गाडी खालच्या वळणावर गेली तेव्हा बाई घरात निघून गेल्या, म्हणजे ती पुलावरून कोणत्या बाजूला वळली ते दिसू नये.

दुकानात बेरिल भेटली. जाकीट नव्हतं अंगात. एकदम दहा वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. तिने बाईंचा हात धरला, बराच वेळ धरला, आणि मग सवयीनेच तिच्या तोंडून गेलं, "कुठे गं गेल्या दोघी? बऱ्या आहेत ना?"

"माहीत नाही, बेरिल."

बेरिलला वाटलं, बाई आपल्याला सांगायचं टाळताहेत. तिने हात सोडला.

रविवारी संध्याकाळी फोन वाजतो. नंबर दिसत नाही. आधी फियोन बोलते, जेवढं बोलता येईल तेवढं. हवा गार आहे. तब्येत बरी आहे. मग ती फोन माब्लीकडे देते. पहिले काही रविवार फोनवर नुसता श्वास ऐकू यायचा. बाई आपल्या बाजूने वस्तूंची नावं घ्यायच्या आणि थांबायच्या. चमचा. मोजा. पलीकडे काही नाही.

गेल्या रविवारी बाईंनी 'चमचा' म्हटलं आणि पलीकडून एकदम आवाज आला, धावत आल्यासारखा.

"आजी, इथे आमच्या खिडकीतून ना, एक मोठ्ठं…"

"थांब!" बाई ओरडल्या. "नको. ते मला सांगू नकोस."

पलीकडे शांतता पसरली. ज्या पोरीला बोलायला त्यांनीच शिकवलं, तिलाच त्यांनी आत्ता गप्प बसवलं होतं, आणि ती पुन्हा कधी बोलेल की नाही कुणी सांगावं.

"माब्ली," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, खिडकीतलं नको. ताटातलं सांग. आज काय जेवलीस?"

पुष्कळ वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"सूप," माब्ली म्हणाली.